कॉस्टिकचा रेट शोधायचा कुठे

कॉस्टिक सोड्याचा रेट शोधताना बातम्यांच्या डेटाबेसच्या सर्च बॉक्समध्ये त्याचं रासायनिक नाव 'सोडियम हायड्रॉक्साईड' टाकलं की हाती फारसं काही लागत नाही. बाजाराची बातमी लिहिणारा कॉस्टिक सोडा लिहितो, कॉस्टिक लाय लिहितो, कधी नुसतं क्लोर-अल्कली (कॉस्टिक आणि क्लोरीन बनवणारा उद्योग), त्यामुळे आपणही तेच टाकायचं, आणि सोबत प्राइस, स्पॉट (आत्ताच्या सौद्याचा भाव), एफओबी (जहाजभाडं सोडून भाव), शटडाऊन असे शब्द जोडायचे. मग बघा स्क्रीन कशी भरते.

एबीआय इन्फॉर्म, बिझनेस सोर्स, फॅक्टिव्हा, हे डेटाबेस घरबसल्या फुकट मिळत नाहीत, पण इंजिनिअरिंग किंवा मॅनेजमेंट कॉलेजच्या लायब्ररीत एखादं तरी लॉगिन असतं, विचारायला लाजू नका. प्रोजेक्टसाठी प्लांटचं कॉस्टिंग करणाऱ्या पोरापोरींना तर हे पहिल्या वर्षापासून माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रेट छापायची ही परंपरा जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १८७१ साली ऑइल, पेंट अँड ड्रग रिपोर्टर नावाचं साप्ताहिक सुरू झालं आणि केमिकल्सच्या भावांच्या लांबलचक याद्या ही त्याची ओळख होती, पुढे तेच केमिकल मार्केटिंग रिपोर्टर झालं. आज रोजचे ताजे रेट आयसीआयएस, अर्गससारख्या कंपन्या पैसे घेऊन देतात. आपल्याकडे मुंबईतून निघणारं केमिकल वीकली आहेच.

आता रेट सापडला असं धरू. समजा ४०० डॉलर टन. थांबा, लगेच एक्सेलमध्ये टाकू नका. कॉस्टिक लाय म्हणजे पाण्यातलं द्रावण, साधारण ४८ ते ५० टक्के, आणि रेट बऱ्याचदा ड्राय टनाचा असतो, म्हणजे पाणी वगळून. ५० टक्क्यांची लाय असेल तर टँकरमधल्या एका टनाचे २०० डॉलरच होतात! बातमीत हे डीएमटी, म्हणजे ड्राय मेट्रिक टन, अशा तीन अक्षरांत असतं आणि नजर त्यावरून सरकन निघून जाते. एफओबी (जहाजाचं भाडं सोडून) की सीएफआर (भाडं धरून), तेही तिथेच असतं. अमेरिकन जुन्या लेखांत पाउंडाचे सेंट भेटतील, एका टनात २२०४.६ पाउंड, तेवढं गणित करून घ्या.

आणि कॉस्टिकची बातमी वाचताना क्लोरीन वाचलाच पाहिजे, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की दोन्ही एकदमच बनतात, १ टन कॉस्टिकमागे साधारण ०.८९ टन क्लोरीन, एक हवा आणि दुसरा नको असं चालत नाही. क्लोरीन साठवून ठेवणं धोक्याचं आणि महागाचं, मग गिऱ्हाईक नसलं की भारतात कधीकधी क्लोरीनचा भाव शून्याच्याही खाली जातो, म्हणजे कारखानाच वरून पैसे देऊन तो उचलायला लावतो. मग तो तोटा भरून काढायचा तर कॉस्टिकमधूनच, नाहीतर प्लांटच कमी चालवायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली, वीज गेली, तिथले क्लोर-अल्कली प्लांट बंद पडले, रेट हलण्याचं असं कारण रेटच्या यादीत कधीच दिसत नाही, लेखात दिसतं. म्हणून म्हणतो, यादी बघा पण लेख पूर्ण वाचा, फोर्स मेज्योर (हाताबाहेरच्या कारणाने माल देता येत नाही अशी कंपनीची घोषणा) हा शब्द दिसला की तारीख टिपून ठेवा.

लिस्टेड कंपन्यांच्या गुंतवणूकदारांसोबतच्या तिमाही कॉलचे ट्रान्सक्रिप्टही फुकट मिळतात, त्यात ईसीयू (इलेक्ट्रोकेमिकल युनिट, म्हणजे कॉस्टिक आणि त्यासोबत बनलेला क्लोरीन) रिअलायझेशन शोधा, कॉस्टिक आणि क्लोरीन मिळून कंपनीच्या हातात काय पडलं ते कळतं.

शेवटी ताळा. वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर आयात-निर्यातीची आकडेवारी आहे, घन कॉस्टिकसाठी एचएस कोड (कस्टम्समधला मालाचा नंबर) २८१५११, लायसाठी २८१५१२. किंमतीला वजनाने भागा आणि लेखातल्या त्याच काळातल्या रेटशेजारी ठेवा, फरक फार मोठा निघाला तर आधी ड्राय की द्रावण ते तपासा, मग महिना, मग डॉलरचा दर.