माहलरच्या नवव्या सिंफनीचा शेवट: 18 मिनिटांचा की साडेएकोणतीस मिनिटांचा?

नमस्कार मंडळी. आधी स्क्रीनवरचे हे चार आकडे बघा. 18. 21. 26. साडेएकोणतीस.

ही मिनिटं आहेत, आणि चारही एकाच गोष्टीची. ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाव माहलरच्या नवव्या सिंफनीची, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या लांबलचक रचनेची, शेवटची मूव्हमेंट, म्हणजे शेवटचा भाग. नाव अडाजिओ, म्हणजे संथ. कागदावरचे स्वर तेच, एक जास्त नाही की कमी नाही. पहिले दोन आकडे ब्रूनो वाल्टर या एकाच कंडक्टरचे, 1938 आणि 1961 सालचे. पुढचे दोन लेनर्ड बर्नस्टाइनचे, 1979 आणि 1985 सालचे. दोघंही वय वाढलं तसे संथ झाले.

आता तुम्ही म्हणाल, वय झालं की माणूस हळू चालणारच. बरोबर आहे, पण इथे तेवढंच नाहीये. माझं म्हणणं असं, की या सिंफनीला गेल्या साठेक वर्षांत आपण सगळ्यांनी मिळून मृत्युशय्येवर निजवलंय. कंडक्टरांनी, रेकॉर्ड कंपन्यांनी आणि ऐकणाऱ्यांनीसुद्धा. आज कुठलं रेकॉर्डिंग ऐकायचं हे सांगतोच, पण ते या भांडणाच्या अंगाने.

एक सूचना. मी क्लिपा वाजवणार नाही, चॅनलला स्ट्राइक घ्यायची हौस नाही. मी जागा सांगतो, तुम्ही व्हिडिओ थांबवून शोधा आणि ऐका. हेडफोन लावा. हे संगीत फोनच्या स्पीकरवर ऐकायचं नसतं. शेवटची पाच मिनिटं तर तिथे ऐकूच येत नाहीत.

पार्श्वभूमी पटकन उरकतो. 1907 साली माहलरची थोरली मुलगी मारिया गेली, चार वर्षांची होती. त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष सांगितला. 1909च्या उन्हाळ्यात टोब्लाखला, डोंगरातल्या त्याच्या लाकडी खोलीत त्याने नववी लिहिली. 18 मे 1911 रोजी तो गेला, वय 50. नववी त्याने स्वतः कधीच ऐकली नाही. पहिला प्रयोग त्याच्या मागे, 26 जून 1912 रोजी व्हिएन्नात झाला, आणि तो वाल्टरने केला.

यावरून ‘मरणाऱ्या माणसाचं शेवटचं गाणं’ ही गोष्ट रचायला कितीसा वेळ लागणार? पण तारखा बघा ना. 1909च्या शरद ऋतूत हा माणूस न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची सूत्रं हातात घेतो. सप्टेंबर 1910 मध्ये म्युनिकला आठव्या सिंफनीचा अवाढव्य प्रयोग उभा करतो. त्याच उन्हाळ्यात दहावीला हात घालतो. नववी लिहीत असताना वाल्टरला पाठवलेल्या पत्रात तो काय म्हणतो? आपल्या छोट्या कुटुंबात एक चांगली भर पडली आहे, असं. मृत्यूची चाहूल लागलेल्या माणसाची ही भाषा वाटते का तुम्हाला?

हां, निरोप त्यात आहे, ते नाकारून चालणार नाही. पहिल्या मूव्हमेंटच्या कच्च्या खर्ड्यावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, की हरवलेल्या तारुण्या, विरून गेलेल्या प्रेमा. हा निरोप आहेच, पण पाठ न टेकलेल्या माणसाचा.

आता रेकॉर्डिंग पहिलं. 16 जानेवारी 1938, व्हिएन्नाचं म्युझिकफेराइन सभागृह, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, कंडक्टर वाल्टर. चालू मैफलीत एचएमव्ही कंपनीने यंत्रं लावली होती. नववीचं हे पहिलंच रेकॉर्डिंग. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 12 मार्चला, हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात घुसलं. जन्माने ज्यू असलेल्या माहलरचं संगीत तिथे बंद झालं. वाल्टरही ज्यू, युद्ध संपेपर्यंत तो परत जाऊ शकला नाही. पहिल्या खुर्चीवर व्हायोलिन वाजवणारा आर्नोल्ड रोझे हा तर माहलरचा मेव्हणा, 1881 पासून त्या ऑर्केस्ट्रात. त्यालाही हाकलला. तो लंडनला गेला आणि तिथेच 1946 साली वारला. त्याची मुलगी आल्मा रोझे हिने आउशविट्झच्या छळछावणीत कैदी बायकांचा वाद्यवृंद चालवला आणि 1944 साली तिथेच तिचा अंत झाला.

हे माहीत असलं की या रेकॉर्डिंगमध्ये आपल्याला नाही नाही ते ऐकू यायला लागतं. म्हणून पहिल्यांदा ऐकताना हे सगळं बाजूला ठेवा आणि नुसतं वादन ऐका. तिसरी मूव्हमेंट, रोंडो-बुर्लेस्क, चक्क धापा टाकत जाते. सूर निसटतात, ताल कुठे कुठे सांडतो. लोक खोकतात, जानेवारीतलं व्हिएन्ना आहे. पण या वादनात एक तातडी आहे, जी नंतरच्या कुठल्याही गुळगुळीत रेकॉर्डिंगमध्ये मला सापडत नाही. सगळी सिंफनी सुमारे 70 मिनिटांत संपते.

यावर एक आक्षेप ठरलेला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटं मावायची, म्हणून बिचाऱ्या वाल्टरने घाई केली! स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगबद्दल हे एक वेळ मानलं असतं. पण ही मैफल होती. समोर तिकीट काढून बसलेले लोक होते, तबकडी संपली म्हणून कुणी थांबत नव्हतं. ही लय त्या दिवशी त्याने पसंत केलेली लय आहे. माहलरचा सहायक म्हणून काम केलेला, त्याच्याकडून पत्रं येणारा, या सिंफनीचा पहिला प्रयोग केलेला माणूस आहे हा. त्याची लय मी तरी हलक्यात घेणार नाही.

खरखर आहे, मान्य. या रेकॉर्डिंगच्या बऱ्याच आवृत्त्या फिरताहेत. ज्यात खरखर पार पुसून टाकली आहे ती घेऊ नका, तिच्याबरोबर व्हायोलिनचा वरचा तजेलाही पुसला जातो. थोडी खरखर सोसा, पाच मिनिटांत कान सरावतो.

तेवीस वर्षांनी तोच वाल्टर, वय 84, कॅलिफोर्नियात स्थायिक. 1961च्या सुरुवातीला कोलंबिया सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन तो नववी पुन्हा रेकॉर्ड करतो, या वेळी स्टिरिओत. आता सिंफनी 80 मिनिटांच्या वर जाते. गंमत अशी, की अडाजिओ तीनच मिनिटांनी लांबला, पण बुर्लेस्क 11 मिनिटांवरून जवळपास 15 वर गेला! म्हणजे अडाजिओत तो फारसा विरघळला नाही, पळायचं मात्र त्याने सोडून दिलं. बुर्लेस्कवर माहलरने ‘अतिशय हट्टाने’ अशी सूचना लिहिली आहे. 61 च्या रेकॉर्डिंगमध्ये तो हट्ट आजोबांनी नातवाची समजूत काढावी तसा लागतो. बाकी पहिली मूव्हमेंट अतिशय प्रेमळ आहे, आणि नवशिक्याला आत शिरायला हेच रेकॉर्डिंग सोपं.

आता शेवटच्या पानाकडे या. आज माझा सगळा जीव तिथे आहे.

शेवटचं पान म्हणजे 27 मात्राखंड. वर लिहिलंय अडाजिसिमो, म्हणजे अतिसंथ. पितळी वाद्यं गप्प, लाकडी वाद्यं गप्प. उरतात फक्त तंतुवाद्यं, तीही म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावून. आणि तिथे पहिली व्हायोलिनं (ऑर्केस्ट्रात व्हायोलिनांचे दोन गट असतात, त्यातला पहिला) हळूच एक ओळ वाजवतात. ही ओळ माहलरच्याच एका जुन्या गाण्यातली आहे. गेलेल्या मुलांवर जर्मन कवी ऱ्युकर्टने लिहिलेल्या कवितांना त्याने 1901 ते 1904 च्या दरम्यान चाली लावल्या होत्या. त्यातल्या चौथ्या गाण्यात बाप म्हणतो, की मुलं फिरायला बाहेर गेली आहेत, येतील परत. आणि शेवटी म्हणतो, त्या उंचावर ऊन पडलंय, तिथे दिवस छान आहे. ती ही ओळ. गाणं लिहिलं तेव्हा मारियाचा मृत्यू अजून घडायचा होता. सिंफनीत ती ओळ आली तेव्हा मारिया गेलेली होती.

मग सांगा, या पानावर कोण मरतंय? संगीतकार, की त्याची मुलगी? मला तरी इथे स्वतःसाठी रडणारा माणूस दिसत नाही.

आता लयीचा प्रश्न पुन्हा घ्या. ही ओळ गाण्याची आहे. गाण्याच्या ओळीला श्वास असतो. वाल्टरच्या 1938 मध्ये ती ओळ तुम्ही गुणगुणू शकता, एका श्वासात बसते. बर्नस्टाइनच्या 1985 मध्ये, ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्राबरोबर, ती इतकी ताणली आहे की स्वर उरतात आणि ओळ नाहीशी होते. विलंबित ख्याल गाताना लय अतिविलंबितात नेली की एका टप्प्यावर बंदिशीचे शब्द सुटे सुटे पडतात आणि नुसता आकार उरतो, तसं. ते सुंदर असू शकतं, असतंच. पण मग बंदिश कुठली होती हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागतं.

बर्नस्टाइनचा स्वतःचा पक्ष पक्का होता. 1973 साली हार्वर्डच्या व्याख्यानांत त्याने मांडलं, की नववीत तीन मृत्यू आहेत: माहलरचा स्वतःचा, स्वरप्रधान (एका मूळ स्वराभोवती बांधलेल्या) संगीताचा, आणि एका अख्ख्या संस्कृतीचा. एवढं ओझं एका अडाजिओवर ठेवलं की तो साडेएकोणतीस मिनिटं घेणारच! मला 1985 चं ते रेकॉर्डिंग आवडतं, खोटं कशाला बोलू. पण वर्षाकाठी एकदा.

त्याच्यापेक्षा 1979 चं बर्लिनचं जास्त. बर्नस्टाइनने बर्लिन फिलहार्मोनिक आयुष्यात त्या एकाच वेळी कंडक्ट केला, ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मदतीसाठी. रेकॉर्डिंग बाहेर आलं ते त्याच्या निधनानंतर, 1992 साली. अडाजिओच्या सर्वोच्च जागी, जिथे ट्रॉम्बोननी छत फोडायचं, तिथे ट्रॉम्बोन येतच नाहीत. चुकले. कारणांच्या कहाण्या बऱ्याच आहेत, मी एकही सांगणार नाही. ऐकताना तिथे एक भगदाड पडतं, आणि व्हायोलिनं जिवाच्या आकांताने ते भरून काढतात. स्टुडिओत कुणी हे ठेवलं नसतं.

तोच ऑर्केस्ट्रा, तीन वर्षांनी, 1982, हर्बर्ट फॉन कारायान, तीही मैफलच. 1930च्या दशकात नाझी पक्षाचं सदस्यत्व घेतलेला हा माणूस बऱ्याच उशिरा माहलरकडे वळला. अडाजिओ सुमारे 27 मिनिटांचा, म्हणजे बर्नस्टाइनच्या 79 पेक्षाही सावकाश, पण ऐकताना तसं वाटत नाही, कारण एकही स्वर लोंबत नाही. तंतुवाद्यांचा असा आवाज दुसरीकडे मिळणार नाही. माझी तक्रार एवढीच, की दुसऱ्या मूव्हमेंटमधला लेंडलर हा खेडवळ नाच आहे, माहलरने तो धसमुसळा आणि राकट हवा असं लिहून ठेवलंय, आणि इथे सगळे पॉलिश केलेले बूट घालून नाचतात.

त्याच बर्लिनकरांचं 1964 चं रेकॉर्डिंग, कंडक्टर जॉन बार्बिरोली. नाव इटालियन, जन्म लंडनचा. आदल्या वर्षी त्याने तिथे नववी केली, आणि वादक एवढे खूश झाले की त्यांनीच त्याला रेकॉर्डिंगसाठी बोलावलं. अडाजिओ सुमारे 23 मिनिटं. एकच संच विकत घ्यायचा असेल तर डोळे मिटून हा घ्या. गाणारा आहे, तरी रेंगाळत नाही.

कंडक्टर क्लेंपरर, 1967, न्यू फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा. दगडी काम, काहींना जड जाईल. पण एका गोष्टीसाठी पहिली दोन मिनिटं ऐकाच. तो पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवतो, जुन्या पद्धतीने. सिंफनी कशी सुरू होते? चेलो, हॉर्न, हार्प, सगळे अर्धवट काहीतरी पुटपुटतात, आणि मग मुख्य धून येते ती दुसऱ्या व्हायोलिनांवर. दोन उतरते स्वर, पुन्हा दोन. क्लेंपररकडे ती उजव्या कानात येते आणि नंतर पहिली व्हायोलिनं डावीकडून उत्तर देतात. दोघांना शेजारी बसवणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये हा संवाद एकाच कोपऱ्यातून येतो आणि अर्धी मजा जाते. हेडफोन लावायला सांगितलं ते यासाठी.

बूलेझ, शिकागो, 1995: सगळं स्वच्छ दिसतं. अश्रूंची ॲलर्जी असलेल्यांसाठी उत्तम, आणि हे मी कुत्सितपणे म्हणत नाहीये. आन्चेर्ल, चेक फिलहार्मोनिक, 1966: फारसं कुणी नाव घेत नाही, पण लेंडलर असा गावरान नाचावा! अबाडो, लुत्सर्न, 2010, हे बघायचं रेकॉर्डिंग आहे. शेवटी सभागृहातले दिवे मंद होत जातात आणि संपल्यावर दोन मिनिटांहून जास्त वेळ कुणीही टाळी वाजवत नाही. काहींना ते पवित्र वाटतं. मला त्यातही मृत्युशय्येचा देखावा जरा जास्तच दिसतो, पण वादन अप्रतिम.

तुमच्यातले काही विचारतील, आपल्या मुंबईचा झुबिन मेहता कुठे राहिला? त्याचं नाव निघायला हवं ते दुसऱ्या सिंफनीसाठी. 1975, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, डेका कंपनी. आजही ते रेकॉर्डिंग पहिल्या रांगेत बसतं, त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करणार आहे.

तर क्रम असा लावा. आधी बार्बिरोली अथपासून इतिपर्यंत, मध्ये फोन न बघता. मग वाल्टर 1938, पण फक्त तिसरी आणि चौथी मूव्हमेंट. मग बर्नस्टाइन 1985 चं फक्त शेवटचं पान, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ वाल्टरचं तेच पान. ती व्हायोलिनची ओळ दोन्हीकडे गुणगुणून बघा, आणि कुठे श्वास पुरला नाही ते मला कळवा. बर्नस्टाइनचे भक्त रागावणार हे मला माहीत आहे. रागवा, पण आधी गुणगुणून बघा.