काडी बाईच्याच हातात द्या

सरपंचताई, आशाताई, बचत गटाच्या सगळ्या बाया, नमस्कार. आणि मागं दाराशी दोन-तीन भाऊ उभे आहेत, तुम्ही पण आत येऊन बसा, हा विषय तुमच्या घरचाच आहे: गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी बाईनं स्वतःच काडीनं नमुना घेऊन करायची तपासणी.

मी यवतमाळकडच्या खेड्यांमध्ये बरीच वर्षं नर्स होते. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची शिबिरं आम्ही घ्यायचो. सकाळी नावं लिहायला बाया भरपूर, बीपी झाला, शुगर झाली, आणि पडद्यामागं टेबलावर जायची वेळ आली की एक म्हणे लेकरू रडून राहिलं, दुसरी म्हणे आज मी बाहेरची आहे, तिसरी तर चप्पल घालून कधीच निघून गेलेली. संध्याकाळी टेबलावर आलेल्या बाया मोजायला एका हाताची बोटं पुरायची. आणि आम्ही रजिस्टरमध्ये काय लिहायचो, तर 'जनजागृतीचा अभाव'. ते आम्ही चूक लिहिलं, आज मला ते फार लागते. त्या बायांना सगळं समजत होतं. त्यांना तपासणी नको नव्हती, ते टेबल नको होतं. अर्धवट पडदा, अनोळखी डॉक्टर, बाहेर बाकावर चुलतसासू बसलेली, आणि वरून त्या दिवसाची कापूस वेचणीची मजुरी बुडाली ती वेगळीच.

हे काही आजचं नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांचा अभ्यास केला, १९८९ मध्ये तो लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना आतला काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त ८. मग तीस वर्षं गेली, आणि २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारलं की या कॅन्सरची तपासणी कधी झाली का, तर हो म्हणणाऱ्या शंभरात दोन पण भरल्या नाहीत. दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायांना आपल्या देशात हा कॅन्सर निघते आणि ७५ हजारांवर बाया जातात.

आणि जीव जास्त कशानं जळते सांगू, हा कॅन्सर रातोरात होतच नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू संबंधातून येते, बहुतेक बायांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून पण जाते, पण काहींमध्ये तो ठाण मांडून बसते, आणि मग कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे आपल्या हातात दहा वर्षं तरी असतात, आणि तरी बाई नागपूरला पोचते ती तिसऱ्या-चौथ्या स्टेजला. एक मावशी आठवते मला, अंगावरून वास येणारं पाणी जायचं, सुनेला कळू नये म्हणून न्हाणीत लपून फडकी धुवायची, वर्षभर. आली तेव्हा फार उशीर झाला होता.

आता हे कास्तकाराच्या भाषेत सांगते. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीसाठी आपण पतंगाला वासानं ओढणारा कामगंध सापळा लावतो ना, का लावतो? डोमकळी, म्हणजे अळीमुळं न उमललेलं फूल, दिसायची वाट पाहिली तर अळी आत घुसलेली असते. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की आपण सावध होतो, त्याचा अर्थ पीक गेलं असा कोणी घेत नाही, अर्थ एवढाच की आता बोंडं फोडून पाहा. एचपीव्हीची तपासणी तशीच. ती कॅन्सर शोधत नाही, कॅन्सर करू शकणारा विषाणू आहे का तेवढं पाहते. आणि हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालंय, तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, तिथं १ लाख ३१ हजारांवर खेड्यातल्या बायांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये निकाल आला, ज्या गावांत एकदाच ही तपासणी झाली तिथं या कॅन्सरनं मरणाऱ्या बाया जवळपास निम्म्यावर आल्या. तिथं नमुना मात्र आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतला होता.

आज मी सांगायला आली ते याच्या पुढचं आहे. हा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. पॅप स्मिअरला पिशवीच्या तोंडावरच्याच पेशी लागतात, व्हिनेगर लावून करतात त्या तपासणीत तोंड डोळ्यानं पाहावं लागते, म्हणून टेबल लागते. विषाणू मात्र योनीतल्या पाण्यात पण सापडते, आणि कोरोनात आपण पाहिलं तशा पीसीआर पद्धतीनं तपासलं तर बाईनं स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरनं घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा निघते. डब्ल्यूएचओनं पण याला मान्यता दिली आहे, ऑस्ट्रेलियात २०२२ पासून तपासणीच्या वयातल्या प्रत्येक बाईला हा पर्याय आहे.

ही पाहा काडी, हातोहात मागं पाठवा, घाबरू नका, मऊ आहे. हात धुवायचे, न्हाणीचं दार लावायचं, एक पाय पाटावर ठेवा नाहीतर उकिडवं बसा, मधल्या बोटाएवढी आत सरकवायची, वीसेक सेकंद हळू फिरवायची, काढून नळीत टाकायची, झाकण लावायचं. पिशवीच्या तोंडापर्यंत पोचायची गरजच नाही. पाळी सुरू असताना नाही घ्यायचा, आणि पोटुशी असाल तर आधी विचारा. आणि हे नीट ऐका, जिला पाळी बंद झाल्यावर रक्त जाते, किंवा संबंधानंतर रक्त जाते, तिच्यासाठी ही काडी नाही, तिनं सरळ डॉक्टरकडं जायचं, उद्याच.

आशाताई, तुमच्यासाठी एक गोष्ट खास. अर्जेंटिनात हुहुई नावाच्या भागात तुमच्यासारख्याच घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांनी दारात जाऊन ही काडी दिली, तर सहा महिन्यांत शंभरातल्या ८६ बायांची तपासणी झाली, आणि जिथं नुसतं दवाखान्यात या म्हणून सांगितलं तिथं २० ची. ओळखीच्या बाईनं दारात येऊन दिलं, त्याचा हा फरक. नुसती दारात चिठ्ठी टाकून हे होणार नाही.

मघाशी एका ताईनं हळूच विचारलं, पॉझिटिव्ह आली तर घरी भांडण होईल काय? बाप्पा, हे सगळ्यांनी ऐका, मागच्या भावांनी तर नक्कीच. हा विषाणू संसारी माणसांमध्ये इतका साधा आहे की आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना होऊनच जाते, आणि तो अंगात किती वर्षांपासून बसलाय हे कोणालाच सांगता येत नाही. बाईच्या चारित्र्याचा तो दाखला नाही, नवऱ्याच्या पण नाही. तिशीनंतर बाईनं तपासून घ्यायचं, निगेटिव्ह आली तर पाच वर्षं तरी निवांत.

पॉझिटिव्ह आली तर मात्र एकदा टेबलावर जावंच लागते, हे मी लपवणार नाही. पण तेव्हा शंभरातल्या थोड्याच बाया जातात, आणि लागलंच तर खराब जागा गरम यंत्रानं शेकून टाकतात, काही मिनिटांचं काम, पिशवी काढायची गरज नाही.

म्हणून सरपंचताई, माझं मागणं काडीपुरतं नाही. आपल्याकडं बहुतेक सरकारी दवाखान्यांत अजून व्हिनेगरचीच तपासणी आहे. पण टीबीसाठी जे ट्रूनॅट मशीन ठिकठिकाणी बसलंय, त्यावर चालणारी एचपीव्हीची चिप पण निघाली आहे. ग्रामसभेत ठराव घ्या, आरोग्य अधिकाऱ्याला लेखी विचारा की आपल्या तालुक्याला हे कधी देता, आणि त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी लिहा: रिपोर्ट बाईच्या हातात कोण आणि किती दिवसांत देणार, पॉझिटिव्ह बाईला न्यायला गाडी कोणती, आणि तिथं तपासायला बाई डॉक्टर कोणत्या वारी बसते. रिपोर्ट टेबलाच्या खणात पडून राहिला तर त्या बाईनं दुसऱ्यांदा काडी हातात का घ्यावी?

वेचणी सुरू व्हायच्या आत ठराव होऊ द्या, नंतर गावात दिवसा कोणी सापडत नाही. काडी परत आली का? नळीचं झाकण कोणाकडं राहिलं?