आंबा घाटातली सोनघंटा

हिवाळा सुरू झाला की सह्याद्रीतल्या फुलांचा सीझन संपला असं आपण धरून चालतो. तेरडा गेला, सोनकी वाळली, कासची गर्दी ओसरली, डोंगरावरचं गवत पिवळं पडलं. आणि नेमकी तेव्हाच ही फुलायला लागते. ही बघा. माणसाच्या डोक्यावर जाणारं झुडूप, कड्याखालच्या उतारावर झाडोऱ्यात उभं, आणि फांद्यांवर खाली तोंड करून लोंबणाऱ्या घंटा, केशरी-पिवळ्या, त्यांच्यावर लाल शिरांचं जाळं. सोनघंटा म्हणतात हिला. किती सुंदर आहे!

शास्त्रीय नाव ॲब्युटिलॉन रानडेई. भेंडी, जास्वंद, कापूस यांच्या कुळातली. रस्त्याकडेला, पडीक जागेत उगवणारी पेटारी, जिला मुद्रा पण म्हणतात, ती हिची बहीण म्हणा हवं तर. पण पेटारी कुठेही उगवते आणि सोनघंटा मात्र महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत, तेही मोजक्याच ठिकाणी, बाकी जगात कुठेच नाही.

नावातले रानडे म्हणजे एन. बी. रानडे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वुड्रो नावाचे प्राध्यापक होते, त्यांच्याबरोबर काम करणारे. वुड्रो आणि लंडनजवळच्या क्यू गार्डनमधले वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो श्टाफ या दोघांनी १८९४ साली आंबा घाटातली ही वनस्पती नवी म्हणून जगासमोर मांडली आणि नाव दिलं रानड्यांचं. त्या काळात एका मराठी माणसाचं नाव असं कायमचं झाडाला लागलं, मला तर याचं फार अप्रूप वाटतं.

आता ही कमी का झाली? घाटातले रस्ते रुंद झाले, सरपणासाठी तोड झाली, गुरं चरतात, हे सगळं आहेच. पण माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट आहे वणवा. हिचं वेळापत्रक बघा ना, फुलं हिवाळ्यात येतात, म्हणजे फळं धरून बी पिकेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो, आणि आपल्याकडे डोंगर पेटतात ते नेमके तेव्हाच. पुढच्या पावसात चांगलं गवत येईल म्हणून कुणी लावतं, कुणाची विडी पडते, कुणी कॅम्पिंगची शेकोटी न विझवता निघून जातं. मोठं झुडूप कदाचित बुंध्यातून परत फुटेल पण फांदीवरचं बी गेलं, खालची कोवळी रोपं गेली, म्हणजे त्या वर्षीची पिढीच गेली.

यावर काम होतंय. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये ही वाढवलीय, टिश्यू कल्चरनं, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्याशा तुकड्यापासून, रोपं करण्याचे प्रयोग पण झालेत. हे फार मोलाचं आहे, फक्त एक लक्षात घ्यायला हवं की कलम असो वा टिश्यू कल्चर, एकाच झाडापासून शंभर रोपं केली तरी ती सगळी त्याच झाडाची नक्कल असतात, एक रोग आला तर सगळ्यांना सारखाच भोवणार. म्हणून वेगवेगळ्या घाटांतलं, वेगवेगळ्या झाडांचं बी गोळा करून, कुठलं रोप कुठल्या डोंगराचं याची नोंद ठेवून वाढवावं लागतं. आणि परत लावायचं तर त्याच डोंगरात, जिथे पुढची काही वर्षं कुणीतरी जाऊन बघणार आहे.

अजून एक, नर्सरीत अशीच केशरी, लाल शिरांची घंटा मिळते, ती दक्षिण अमेरिकेतली, बागेतली जात. तिचं पान मेपलसारखं कातरलेलं असतं. सोनघंटेचं पान अखंड, हृदयाच्या आकाराचं, टोकाला निमुळतं. तेव्हा नर्सरीतली घंटा घाटात नेऊन लावू नका प्लीज, कितीही चांगल्या मनानं वाटलं तरी.

आम्ही या व्हिडिओत नेमकी जागा मुद्दामच दाखवलेली नाही. तुम्हाला ट्रेकला ही दिसली तर भरपूर फोटो काढा, पण फांदी तोडू नका आणि लोकेशन टाकून पोस्ट करू नका, त्यापेक्षा वनखात्याला किंवा जवळच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या सरांना, मॅडमना कळवा. आणि घाटात धूर दिसला की वनविभागाची हेल्पलाईन आहे १९२६, लगेच फोन करा.