लेहरा धरणाऱ्याच्या बाजूनं

(इंदूरमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मागच्या रांगांतल्यांनी जरा पुढे या, कारण आजचा आवाज कानाइतकाच खुर्चीतूनही कळतो. ही बेस गिटार. चार तारा आहेत: ई, ए, डी, जी. सगळ्यात जाड ती ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्यातला खर्ज ६९च्या आसपास असतो. म्हणजे ही त्या खर्जाच्याही खाली.

(चार सूर वाजवतात.) ऐकलंत? आता परत. परत. आणखी एकदा. बघा, तिसऱ्या रांगेत एका काकूंचा पाय हलायला लागला. काकू, थांबवू नका हो! माझं सगळं व्याख्यान त्या पायाबद्दलच आहे.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘साध्या रिफची मोहिनी: तीन कारणं’. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरांची छोटी ओळ, ते या गावात समजवायला नको. रोज सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते. ते पाठ करायला कोणी बसलं होतं का? तरी घरातलं शेंडेफळसुद्धा म्हणून दाखवतं. तर कारणं सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगू द्या. वर्षभर मनात घेऊन फिरतोय.

माझी एक विद्यार्थिनी आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या मुलांच्या बँडमध्ये बेस वाजवते. मागच्या हिवाळ्यात हा बँड एका स्पर्धेत उतरला. गाणं सहा मिनिटांचं, आणि सहाही मिनिटं हिची चार सुरांची एकच रिफ. निकालाच्या वेळी परीक्षक माईकवर म्हणाले, “गिटार छान, गायक छान. बेसवाल्या मुलीनं मात्र काहीच वाजवलं नाही.” हॉल हसला. पोरगी स्टेजच्या कडेला केबल गुंडाळत होती. खाली मान घालून गुंडाळतच राहिली.

मी पहिल्या रांगेत होतो, मला तिचे हात दिसत होते. उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीनं तार ओढतात, ते सगळ्यांनाच दिसतं. डावा हात कोणी बघत नाही. तिसरा सूर झाला की ती बोट उचलत नाही, नुसता दाब सोडते. बोट तारेला टेकलेलंच राहतं आणि आवाज तिथल्या तिथे मरतो. मग एक मात्रा पूर्ण गप्प, आणि नंतर चौथा सूर. त्या रिफचा जीव त्या गप्प मात्रेत होता. सहा मिनिटं, दर फेरीला, गप्प बसायची जागा केसभरही इकडेतिकडे झाली नाही. याला ‘काहीच वाजवलं नाही’ म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली आणि म्हणाली, “सर, मधे मधे काहीतरी भरायला हवं होतं का मी?” मी सगळ्या बँडला बोलावून घेतलं. बाकीच्यांना काही न सांगता तिच्या कानात म्हटलं, “दुसऱ्या कडव्यात दोन फेऱ्या सोडून दे.” तिनं सोडल्या. ड्रमवाल्यानं झटकन मान वर केली. गायकानं अर्धा शब्द गिळला. आणि गिटारवाला, ज्याला बक्षीस मिळालं होतं तो, वाकून आपल्या अँपची वायर तपासायला लागला! त्याला वाटलं त्याचाच आवाज गेला. मी म्हटलं, “बाई, तू काय वाजवत होतीस ते आता कळलं का?” तेव्हा कुठे ती हसली.

हे मला इतकं का लागलं, तर ते माझ्या घरातलं दुखणं आहे. माझे काका पेटी वाजवायचे. तबल्याच्या एकल वादनाला लेहरा धरायचे, म्हणजे सुरांची एकच ओळ तालात फिरवत राहायचे. तबलजीचं नाव पत्रिकेवर मोठ्या अक्षरात, काकांचं कुठेच नाही. घरी दुपारी तबल्याची मुलं रियाजाला यायची. चौदा वर्षांचा असताना काकांनी मला पेटीवर बसवलं. तीनताल, चंद्रकंसाचा लेहरा, सोळा मात्रांची एक ओळ. वीसेक मिनिटं बरी गेली. मग मला कंटाळा आला आणि तेराव्या मात्रेवर मी एक मुरकी, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, घेतली. छान घेतली, आजही म्हणतो! समोरचा मुलगा तिहाई बांधत, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवत, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत होता, तो अडखळला आणि सम हुकली. काकांनी पेटीच्या भात्यावर हात ठेवला. आवाज बंद. “तो खिळा ठोकतोय,” ते म्हणाले. “तू भिंत आहेस. सरकू नकोस.”

आणि मला पुन्हा पहिल्यापासून तासभर धरायला लावलं. त्या तासात कधीतरी माझे कान उघडले. ओळ तीच, पण चंद्रकंसातला तो शुद्ध निषाद षड्जाकडे कसा ओढला जातो, ते मला तिसाव्या-चाळिसाव्या फेरीला ऐकू आलं. पहिल्या फेरीला तो नुसता एक सूर होता.

आपण तर नाना पानश्यांच्या पखवाजाच्या गावातली माणसं. आपल्याला हे कळायला हवं. आपल्याच इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल आठवा. ताल झूमरा, चौदा मात्रा, अतिविलंबित लय. साथीला त्यांना हवा असे साधा, भरणा न केलेला ठेका. एवढ्या संथ लयीत हात आवरून बसणं किती अवघड, ते तबल्यावर बसलेल्यालाच विचारा. पण त्या रिकाम्या जागेतच खाँसाहेबांचा मेरुखंड, म्हणजे त्याच सुरांची उलटसुलट मांडणी, उलगडत जायचा. ऐकणारा खाँसाहेबांना दाद देतो, ते रास्तच आहे. त्यातली मूठभर दाद ठेक्याला द्या, एवढंच माझं म्हणणं.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. आणि कारणं तीनही राहिलीयत! भराभर घेतो.

एक. पुनरावृत्तीनं ऐकणंच बदलतं. डायना डॉइच या मानसशास्त्रज्ञ बाईंना १९९५मध्ये हे अचानक सापडलं. स्वतःच्याच बोलण्याचं रेकॉर्डिंग संपादित करताना एक तुकडा फिरत राहिला, आणि थोड्या वेळानं तो बोलण्यासारखा न वाटता गाण्यासारखा वाटायला लागला. आवाजात काडीचा बदल नव्हता, ऐकणारा बदलला होता. माझ्या चाळिसाव्या फेरीतला निषाद तो हाच.

दुसरं, खालचं स्थिर राहिलं की वरचं मोकळं होतं. युरोपात सतराव्या शतकात पाखेलबेल या संगीतकारानं एक कॅनन लिहिला, म्हणजे एकच चाल वाद्यांनी एकामागून एक उचलायची अशी रचना. त्यात चेलोला आठ सूर आहेत, आणि तेच आठ सूर २८ वेळा. वर तीन व्हायोलिनं बागडतात. चेलोवाल्याला त्या पानात वाजवायला दुसरं काही नाही, पण तो थांबला तर व्हायोलिनांच्या पायाखालची जमीन जाते. रेगेबद्दल बोलायचं होतं. जमैकात ड्रमवाले एका चालीत पहिली मात्राच रिकामी सोडतात, सम रिकामी! ते आता पुन्हा कधी.

तिसरं, साधी रिफ सगळ्यांची होते. ‘सेव्हन नेशन आर्मी’, ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या रॉक बँडचं २००३चं गाणं. रिफ सात सुरांची. युरोपातल्या फुटबॉलच्या मैदानांवर लोकांनी ती उचलली आणि २००६च्या विश्वचषकात इटलीचे पाठीराखे ती शब्दांशिवाय गात होते. त्या बँडमध्ये बेस वाजवणारं कोणी नव्हतंच. गिटारचाच आवाज पेडलनं एक सप्तक खाली उतरवलाय. म्हणजे माणूस नव्हता, तरी आवाज खालचाच लागला. आणि मोबाइलवर ऐकणाऱ्यांनो, इवल्याशा स्पीकरमधून ४१चा सूर बाहेरच येत नाही. त्याचे वरचे स्वरांश ऐकून कान तो स्वतः उभा करतो. एकदा तरी मोठ्या स्पीकरवर ऐका.

आयोजक उभे राहिले, मी आवरतो. ती मुलगी आज आली आहे, शेवटच्या रांगेत बसली आहे. ये गं वर. गिटार घे, तीच रिफ, तीच चार सुरांची. मी पेटीवर बसतो, पण मुरकी घेणार नाही. मंडळी, तुम्ही पहिल्या मात्रेला टाळी द्या, आणि ती गप्प बसते त्या मात्रेला तुम्हीही गप्प. काकू, तुमचा पाय चालू द्या. हं... एक, दोन, तीन, चार...