वळू, गडगे आणि अर्जाचा फॉर्म

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज बोलायचंय ब्रिटनमधल्या नॅशनल पार्कातल्या वॉर्डनच्या नोकरीबद्दल, आणि खरं तर नोकरीपेक्षा तिच्या अर्जाबद्दल. कारण तिकडे राहणारी आपली बरीच मंडळी, कुणी ऑफिसला कंटाळलेलं, कुणी नुकतंच कॉलेज संपवून बसलेलं, एखाद्या दिवशी जाहिरात बघतात 'कंट्रीसाइड वॉर्डन पाहिजे' आणि वाटतं, अरे हेच तर आपल्याला करायचं होतं! मग रात्री जागून फॉर्म भरतात, त्यात लिहितात की मला लहानपणापासून निसर्गाची खूप आवड आहे, मी ट्रेकिंग करतो, मला पक्षी आवडतात, आणि तो फॉर्म पहिल्याच चाळणीत खाली. पक्षी तर सगळ्यांनाच आवडतात हो, त्यात काय.

आधी डोक्यातून वाघ काढून टाका. नॅशनल पार्क म्हटलं की आपल्याला गेट, तिकीट, जिप्सी आणि गाइड दिसतो, तिकडे त्यातलं काहीच नाही. तिथला कायदा झाला १९४९ साली, १९५१ ला पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं पार्क झालं, आणि आज इंग्लंडमध्ये १०, वेल्समध्ये ३ आणि स्कॉटलंडमध्ये २ अशी एकूण १५ आहेत. त्यांच्या आत गावं आहेत, शाळा आहेत, पब आहेत, मेंढरं तर विचारूच नका. आणि जमीन? ती बहुतेक खाजगी मालकीची, म्हणजे शेतकऱ्यांची, मोठ्या इस्टेटवाल्यांची, काही नॅशनल ट्रस्टसारख्या संस्थांची. म्हणजे वॉर्डन ज्या जमिनीवर दिवसभर फिरतो ती त्याची नसते आणि बहुतेक वेळा त्याच्या साहेबाचीही नसते. हे एकदा कळलं ना, की अर्धा फॉर्म आपोआप सुधारतो, कारण मग लक्षात येतं की ही नोकरी झाडाप्राण्यांपेक्षा माणसांची जास्त आहे.

तशी ती जन्मालाच माणसांच्या भांडणातून आली. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर-शेफील्डकडची शेकडो कामगार पोरं किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम घुसली, कारण ते पठार शिकारीसाठी राखीव होतं आणि चालायला बंदी होती, त्यात काहींना तुरुंगवासही झाला. पुढे कायदा झाला, जमीनमालकांशी करार करून लोकांना फिरायला वाट मिळाली, पण मालक म्हणाले ठीक आहे, येऊ दे लोकांना, पण लक्ष कोण ठेवणार? म्हणून वॉर्डन. पीक डिस्ट्रिक्टमध्ये १९५४ च्या गुड फ्रायडेला एडेल गावातून ही सेवा सुरू झाली. तेव्हापासून वॉर्डन उभा आहे तो मधे, एका बाजूला शहरातून आलेला चालणारा, दुसऱ्या बाजूला शेतकरी, आणि दोघांनाही वाटतं की हा समोरच्याच्या बाजूचा आहे.

आता रोज करायचं काय असतं? पायवाटा बघायच्या, पडलेलं फाटक परत बसवायचं, कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या सडल्या असतील तर बदलायच्या, दिशा दाखवणारे बाण ठोकायचे, त्यात पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडेवाले आणि सायकलवालेही चालतात. दगडी भिंती रचायच्या, सिमेंट-चुन्याशिवाय नुसत्या दगडावर दगड, अगदी आपल्या कोकणातला गडगा. डोंगरमाथ्यावर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-गवताची काळी माती उघडी पडलेली असते तिथे स्फॅग्नम शेवाळाची रोपं लावायची, कारण पीट वाळलं की पेटतं आणि पेटलं की दिवसेंदिवस आतल्या आत धुमसत राहतं. म्हणून उन्हाळ्यात बार्बेक्यू पेटवून बसलेल्यांना गोड बोलून तो विझवायला लावायचा, हे पण कामच. हिवाळ्यात पाऊस, चिखल, आणि शनिवार-रविवार, बँक हॉलिडे म्हणजे सार्वजनिक सुट्टी, तेव्हा तर ड्युटी पक्की कारण लोक तेव्हाच येतात.

आणि एक गंमत सांगतो. तिकडे नदीकाठानं एक गुलाबी फुलांचं झाड बेफाम पसरलंय, हिमालयन बाल्सम. आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, १८३९ मध्ये बागेसाठी म्हणून तिकडे नेला. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण हा पठ्ठ्या तेव्हापासून ठाण मांडून बसलाय. शेंग पिकली की फुटते आणि बी काही मीटर लांब उडतं, म्हणून बी धरायच्या आधी उपटायचा असतो. दर उन्हाळ्यात व्हॉलंटियर्सच्या टोळ्या तो उपटायला जातात, आणि ज्याला अर्ज करायचाय त्यानं सगळ्यात आधी अशा टोळीत नाव घालावं असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट काम कशाला असं वाटेल, पण फॉर्ममध्ये लिहायला खरी गोष्ट तिथूनच मिळते, दुसरीकडून नाही, आणि शिवाय तुम्हाला स्वतःलाही कळतं की पावसात पाच तास वाकून काम करणं आपल्याला झेपतंय का.

आता फॉर्म. जाहिरातीबरोबर दोन कागद येतात. एकात काम काय ते असतं, दुसऱ्याला म्हणतात पर्सन स्पेसिफिकेशन, म्हणजे माणूस कसा पाहिजे. लोक पहिला नीट वाचतात आणि दुसरा वरवर, खरं तर उलटं करायला पाहिजे. त्या दुसऱ्या कागदावर प्रत्येक मुद्द्यापुढे लिहिलेलं असतं, हा इसेन्शियल, म्हणजे हवाच, आणि हा डिझायरेबल, म्हणजे असला तर बरा. फॉर्म वाचणारी माणसं तीच यादी हातात घेऊन प्रत्येक मुद्द्याला मार्क देतात. तुमचं मराठी घरातलं वळण आड येतं इथे, आपण आपलं कौतुक कसं करायचं म्हणून आखडता हात घेतो, आणि मार्क तर लिहिलेल्यालाच मिळतात, न लिहिलेल्याला शून्य. त्यामुळे त्यांच्याच क्रमानं, त्यांचेच शब्द हेडिंगला घेऊन लिहायचं. आणि बऱ्याच ठिकाणी सीव्ही जोडलेला चालत नाही, सगळं फॉर्ममध्येच लागतं, तेव्हा 'सीव्ही बघा' असं लिहून मोकळं होऊ नका.

लिहायचं कसं, तर नुसतं 'माझं संवादकौशल्य चांगलं आहे' हे कुणीही लिहितं. त्याऐवजी प्रसंग सांगा. काय झालं होतं, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही नक्की काय केलंत, शेवटी काय झालं. समजा तुम्ही आयुष्यभर कस्टमर सपोर्टमध्ये काम केलंय, तर चिडलेल्या माणसाला फोनवर शांत करून त्याचं काम कसं केलंत तो एक प्रसंग लिहा, वॉर्डनला दर रविवारी तेच करायचं असतं, फक्त हेडफोनऐवजी रेनकोट घालून. आणि 'आम्ही' लिहू नका, 'मी' लिहा. आम्ही गेट बसवलं म्हटलं की तुम्ही खड्डा खणलात की फोटो काढलात हे वाचणाऱ्याला कसं कळणार? आयटीवाल्यांनो, नकाशांचं जीआयएस सॉफ्टवेअर येत असेल तर ते दाबून लिहा, पायवाटांचे सर्वे आता त्याच्यावरच चालतात आणि गडगे रचणाऱ्या अनुभवी माणसांकडे नेमकं तेच नसतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त लोक अडकतात ते ड्रायव्हिंगला. बहुतेक जाहिरातीत लायसन्स इसेन्शियल असतं. आपलं भारतीय लायसन्स ग्रेट ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिनेच चालतं, नंतर तिथली परीक्षा द्यावीच लागते, आणि देताना मॅन्युअल गाडीवर द्या, कारण ऑटोमॅटिकवर पास झालात तर मॅन्युअल चालवता येत नाही, आणि पार्काची पिकअप कुठली मिळेल ते तुमच्या हातात नाही. ट्रेलर ओढायला पूर्वी वेगळी टेस्ट लागायची, डिसेंबर २०२१ पासून ती लागत नाही, ते एक बरं झालं. चेनसॉ चालवायला मात्र सर्टिफिकेट लागतंच, लँट्रा किंवा सिटी अँड गिल्ड्स या संस्थांचं, त्याचा खर्च शेकडो पाउंडांत जातो, म्हणून जाहिरातीत ते 'डिझायरेबल' असेल तर आधी खिशातून पैसे घालायची घाई करू नका, शिकायची तयारी आहे एवढं लिहा. आउटडोअर फर्स्ट एडचा कोर्स मात्र करून टाका, तो छोटा असतो आणि कुठेही उपयोगी पडतो. वेल्समधल्या एरीरीला, म्हणजे पूर्वीच्या स्नोडोनियाला अर्ज करणार असाल तर वेल्श भाषेची अट आधी वाचा, तिथे ती शोभेची नसते.

आता इंटरव्ह्यू, आणि इथे मला जरा रमायला आवडतं. समोर पॅनेल असतं, कधी नकाशा पुढे ठेवतात. ऑर्डनन्स सर्वे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा नकाशा वाचता आलाच पाहिजे, पायवाटा त्यावर हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, तर १:५०,००० वर त्याच गुलाबीसर असतात, आणि सहा आकडी ग्रिड रेफरन्स दिला तर तुम्ही जागा १०० मीटरच्या चौकोनापर्यंत सांगितली असा अर्थ. मग विचारतात प्रसंग. समजा मेंढ्या विण्याचे दिवस आहेत, एका बाईंचा कुत्रा मोकळा सुटलाय, मेंढ्या पळतायत, तिकडून शेतकरी बंदूक घेऊन येतोय. काय कराल? बऱ्याच जणांचं उत्तर असतं, मी कुत्रेवाल्या बाईंना नियम सांगेन. अहो, आधी कुत्रा धरायला लावा ना! मग शेतकऱ्याकडे वळा, त्याचं ऐकून घ्या, कारण त्याला कायद्यानं काही परिस्थितीत कुत्र्यावर गोळी झाडता येते आणि गाभण मेंढी घाबरून धावली तर गाभडू शकते, त्याचा राग उगाच नाही. नियम सगळ्यात शेवटी. मोकळ्या माळरानावर, जिथे २००० सालच्या कायद्यानं सगळ्यांना चालायचा हक्क आहे, तिथे १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोरीला बांधलेलाच पाहिजे, हे पाठ असू दे, पण ते तोंडावर फेकायला नाही.

दुसरा आवडता प्रश्न वळूचा. पायवाट शेतातून जाते आणि शेतात वळू सोडलाय, चालतं का? तर दुभत्या जातीचा, १० महिन्यांवरचा वळू असेल तर नाही चालत, आणि मांसासाठी पाळलेल्या जातीचा असेल तर बरोबर गाई-कालवडी असतील तरच चालतो. मला हा नियम फार आवडतो, कुणीतरी वळूचा स्वभाव नीट ओळखून लिहिलाय. तसंच शेतकऱ्यानं मधून जाणारी पायवाट नांगरली तर? नांगरू शकतो, पण साधारण १४ दिवसांत परत चालण्यासारखी, निदान १ मीटर रुंद करून द्यावी लागते. आणि फाटक मोडलं तर दुरुस्त कोण करणार? जबाबदारी जमीनमालकाची, पण इंग्लंड-वेल्समध्ये खर्चाचा निदान चौथा हिस्सा त्याला मागता येतो. हे सांगितलंत की पॅनेलला कळतं, या माणसानं पार्काचा फोटो बघून अर्ज केलेला नाही.

अजून एक प्रश्न हमखास, लोक आणि निसर्ग यांचं पटेना तर कुणाची बाजू? पार्काची दोन कामं कायद्यात आहेत, निसर्ग-सौंदर्य आणि वारसा जपणं, आणि लोकांना त्याचा आनंद घेऊ देणं. जमेल तोवर दोन्ही सांभाळायची, अगदीच जमेना तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये जपणूक वरचढ, याला तिकडे सँडफर्ड प्रिन्सिपल म्हणतात. नाव घ्या, पण एखाद्या खऱ्या वाटेचं उदाहरण देऊन घ्या, नाहीतर पाठांतर वाटतं.

आता थोडं कडू. पगार लोकल गव्हर्नमेंटच्या श्रेणीनं असतो, फार नाही, आणि पार्काच्या आतली घरं मात्र महाग, त्यामुळे बरेच जण बाहेरच्या गावात राहून ये-जा करतात. आणि जे भारतातून थेट या नोकरीवर जायचं म्हणतायत त्यांच्यासाठी सांगतो, २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची साधारण पगारमर्यादा ४१,७०० पाउंड झालीय आणि नव्या अर्जदारांसाठी कामाची पातळीही पदवीच्या बरोबरीची लागते, त्यात ही नोकरी बसणं अवघड. तेव्हा ज्यांच्याकडे काम करायचा हक्क आधीच आहे, त्यांच्यासाठीच हे सगळं बोलणं आहे, एजंटनं काही वेगळं सांगितलं तर पैसे देऊ नका.

शोधताना 'वॉर्डन' एवढंच टाइप करू नका, 'रेंजर', 'कंट्रीसाइड ऑफिसर', 'एस्टेट वर्कर' पण टाका, आणि पार्काशिवाय नॅशनल ट्रस्ट, फॉरेस्ट्री इंग्लंड, कौंटी कौन्सिल यांच्याकडेही तेच काम असतं. कंट्रीसाइड जॉब्स सर्व्हिस नावाची एक वेबसाइट फक्त याच नोकऱ्यांची आहे. सीझनल जागा साधारण ईस्टरच्या सुमाराला सुरू होतात, म्हणून त्यांच्या जाहिराती थंडीतच येतात, ख्रिसमसची सुट्टी संपली की बघायला लागा. जाहिरातीत खाली गप्पा मारायला म्हणून एक फोन नंबर दिलेला असतो, तो संकोच न करता फिरवा, विचारा की आठवड्यात टेबलावर किती आणि बाहेर किती, एकट्यानं फिरावं लागतं का, आधीचा माणूस का सोडून गेला. आणि पाठवायच्या आधी एकदा वरपासून खालपर्यंत वाचा, कारण कॉपी-पेस्ट करताना डार्टमूर पार्काच्या फॉर्ममध्ये एक्समूर पार्काचं नाव राहून जातं, आणि ते वाचणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतं. बराय मंडळी, नमस्कार.