हौदातली माती आणि मंडळाचं दप्तर

(तालीम मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कोल्हापुरात ‘तालीम’ म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला लंगोट आणि लाल माती आठवते. पेठेतल्या माणसाला आधी इमारत दिसते. खाली हौद, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, वर हॉल, भिंतीवर मारुती, दारात बाकडं आणि संध्याकाळी त्या बाकड्यावर बसलेल्या तीन पिढ्या. कुस्ती, फुटबॉल, गणपती, शिवजयंती, पीर, महापुरातली मदत, सगळ्याचा पत्ता एकच. तरुणांचं मंडळ म्हणजे काय, याचं इतकं भरलेलं उत्तर दुसऱ्या शहरात क्वचित सापडेल.

या तालमींना बळ दिलं राजर्षी शाहू महाराजांनी. 1894 ते 1922 या आपल्या कारकिर्दीत त्यांनी मल्लांना आश्रय दिला, खुराकाची सोय केली. 1902 मध्ये ते युरोपात गेले, तिथे रोमचं जुनं क्रीडागार त्यांनी पाहिलं. परत आल्यावर खासबाग मैदानाची कल्पना पक्की झाली आणि 1912 मध्ये मैदान उभं राहिलं. आखाडा मध्ये, खाली, आणि प्रेक्षक भोवती चढत गेलेल्या उतारावर. शेवटच्या माणसालाही पाठ टेकली की नाही ते दिसतं. पुढे याच शहराच्या मातीत घडलेले श्रीपती खंचनाळे 1959 मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. पुढच्याच वर्षी तो मान गणपतराव आंदळकरांना मिळाला, आणि नंतर मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी पिढ्या घडवल्या.

पण तालीम मोठ्या मल्लाच्या नावावर चालत नाही. ती चालते हौदावर, म्हणून हौदाबद्दल जरा सविस्तर बोलू. माती तांबडी घ्यायची, वाळवायची, ढेकळं फोडायची आणि बारीक चाळणीतून चाळायची. एक खडा राहिला तरी कुणाचा तरी कान नाहीतर गुडघा फाटतो. मग त्यात हळद, काव, कापूर, लिंबाचा रस, ताक आणि तेल. प्रमाण तालमीगणिक बदलतं, पण हिशेब साधारण असा: तेल डब्यानं, ताक घागरींनी, लिंबं शेकड्यानं. तेलामुळे माती मऊ राहते आणि धूळ उडत नाही. हळद, कापूर नि लिंबू घातले की खरचटलेली जागा चिघळत नाही, असा जुन्या वस्तादांचा अनुभव. माती किमान दीड-दोन फूट खोल हवी, नाहीतर धोबीपछाड बसल्यावर पाठ खालच्या कठीण थरावर आदळते.

मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा, अशी ओल राखायची. ओल जास्त झाली तर माती अंगाला लिंपते आणि पकड सुटते. कमी झाली तर नाकातोंडात जाते. आणि रोज फावड्यानं हौद उकरायचाच. दोन दिवस उकरला नाही तर माती बसते, आठवड्यात फरशी होते. हे काम नव्या पोरांकडे असतं ते मोठ्यांची सोय म्हणून नव्हे. अर्धा तास हौद खणण्यात खांदे, कंबर आणि दम तिन्ही तयार होतात. त्यानंतर जोर, बैठका, मग जोड, म्हणजे जोडीदाराबरोबर लढत. हाच क्रम ठेवा. थंड अंगानं थेट लढतीला उतरवलेली पोरं पहिल्या महिन्यातच खांदा निखळून घरी बसतात. अंगावर नायटा किंवा फोड दिसला तर तो पोरगा बरा होईपर्यंत हौदात नको. एकाचं गजकर्ण पंधरा दिवसांत सगळ्या तालमीला होतं.

पेठांतल्या तालमींतले पैलवान कमी झाले याचं मुख्य कारण खुराक. दूध, तूप, बदाम, थंडाई हा खर्च शहरातल्या नोकरदार घराला पेलेनासा झाला. आज गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग इथे राहून मेहनत करणारी मुलं बहुतेक खेड्यांतून आलेली आहेत. पेठेतल्या पोरांनी फुटबॉल धरला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं ऐका: सगळी तालमींची, आणि शाहू स्टेडियमवर उतरतात ते अकरा जणांचे संघ. सतरा वर्षांखालच्या 2017 च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. हा बदल मला तालमीचा ऱ्हास वाटत नाही. पोराला रोज ठरल्या वेळी मैदानावर आणणं हेच तालमीचं मूळ काम, आणि ते चेंडूनंही होतं. बिघडतं ते गॅलरीत. समर्थकांनी हुल्लडबाजी केली की शिक्षा संघाला भोगावी लागते. म्हणून सामन्याला जाणाऱ्या पोरांबरोबर पेठेतली चार वडीलधारी माणसं पाठवणं हा खेळाच्या तयारीचाच भाग धरा.

सणांचं एकच सांगतो. कोल्हापुरातल्या कित्येक तालमींत मोहरमला पंजे, म्हणजेच पीर, बसतात आणि त्यांची सेवा हिंदू घरं करतात. 2018, 2019 आणि 2020 अशी लागोपाठ तीन वर्षं गणपती आणि पीर एकाच वेळी आले. दोन्ही पंचांगं चंद्राची, पण आपल्याकडे अधिक मास येतो, हिजरी सनात येत नाही. म्हणून ही गाठ साधारण तेहतीस वर्षांनी पडते आणि मधला अधिक मास आला की सुटते. एकाच मांडवाखाली दोघांची व्यवस्था कशी लावायची, कोणाची आरती कधी, वाद्यं कधी थांबायची, हे माहीत असलेली माणसं आज तालमीत आहेत. त्यांना विचारून वहीत लिहून ठेवा, पुढच्या खेपेला ती नसतील.

आता दप्तर. यात मंडळं सर्वांत जास्त मार खातात. वर्गणीची प्रत्येक पावती क्रमांकाची हवी, स्थळप्रत पुस्तकातच राहिली पाहिजे, आणि चुकलेली पावती फाडून टाकायची नाही, ‘रद्द’ लिहून जागेवर ठेवायची. जमा रक्कम आधी बँकेत, मग खर्च. हातातल्या हातात खर्च केला की गणपतीनंतर डॉल्बीवाल्याचे किती आणि मांडववाल्याचे किती यावर भांडण ठरलेलं, आणि तालीम फुटते ती अशाच भांडणात.

नोंदणीला 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात सोबत धर्मादाय कार्यालयात विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद होते. इथपर्यंत सगळे येतात, पुढे विसरतात. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही तर धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. काहींचं निधन झालेलं असतं, काही गाव सोडून गेलेले. मग बँक नव्या अध्यक्षाची सही घेत नाही, दुरुस्तीचा निधी अडकतो, आणि इमारतीच्या जागेचा वाद निघाला तर कोर्टात उभं राहायला अधिकृत माणूसच नसतो. लागणारी कागदं थोडी आहेत: सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, ठराव, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्याचं संमतीपत्र. दहा वर्षांनी हीच गोळा करायला वर्ष जातं. निवडीची सभा झाली त्याच आठवड्यात ती एका फायलीत लावा. सह्या करणारी माणसं तेव्हा दारातल्या बाकड्यावरच बसलेली असतात.