घसा दुखतोय, एवढंच ना?

शिक्षक मंडळींसमोर हृदयाबद्दल बोलायचं, तर मला सुरुवात घशापासूनच करावी लागते. मुलांचा घसा दुखतो तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे, आणि आपोआप बराही होतो. पण 20 ते 30 टक्के वेळा त्यामागे 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू असतो. तेव्हाही घसा आठवड्याभरात ठीक होतो आणि घरचे विसरून जातात. मग दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा धरतो. हा ऱ्हुमॅटिक ताप. जिवाणूशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटलेली असते. सांधे पूर्ववत होतात. झडपा मात्र पुन्हापुन्हा ताप आला की जाड होतात, आखडतात, गळायला लागतात. हे सगळं घडतं प्रामुख्याने 5 ते 15 या वयात, म्हणजे तुमच्या वर्गात.

एक खूण तर डॉक्टरच्या आधी तुम्हालाच दिसेल. काल-परवापर्यंत नीट लिहिणाऱ्या मुलीचं अक्षर अचानक बिघडतं, पेन हातातून पडतं, हात-खांदे उगाच हलतात, तोंड वेडंवाकडं होतं. वर्गात हसू होतं आणि ती ओरडा खाते. तिला आपली दोन बोटं घट्ट धरायला सांगा. पकड आवळते, सैल पडते, पुन्हा आवळते, धार काढल्यासारखी. याला कोरिया म्हणतात आणि तो मुलींमध्ये जास्त दिसतो. हे चाळे नव्हेत, तिला दवाखान्यात पाठवा.

आता कारणांकडे येऊ. 'गरिबी' हे उत्तर मला आळशी वाटतं. गरिबीतलं नेमकं काय? सर्वांत आधी दाटी: एका खोलीत किती जण झोपतात. अमेरिकेत वायोमिंगमधल्या लष्करी तळावर 1950च्या सुमारास हाच ताप धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या तरुण सैनिकांना होत होता, कारण बराकीत खाटा चिकटून होत्या. तिथेच सिद्ध झालं की घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन दिलं तर हा ताप टळतो. युरोप-अमेरिकेत तर पेनिसिलीन येण्याआधीपासूनच, घरं ऐसपैस होऊ लागली तसा, आजार ओसरत होता.

खेड्यातल्या मुलाच्या बाबतीत दाटीत भर पडते ती अंतराची. नऊ दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात, पण 'नुसता घसाच तर दुखतोय' म्हणून एका दिवसाची मजुरी बुडवून कोण जाणार?

म्हणून अनेक मुलांचा आजार धाप लागल्यावरच कळतो. स्टेथोस्कोप पुरत नाही. 2007 साली कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांची इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली, तेव्हा नुसत्या कानाने सापडली त्याच्या सुमारे दहापट मुलं सापडली. लवकर सापडून उपयोग काय, असं तेव्हा लोक विचारत. उत्तर 2021 साली युगांडातून आलं: सुप्त आजाराच्या, म्हणजे त्रास नसताना फक्त इकोत आजार दिसलेल्या, ज्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन मिळालं, त्यांच्यापैकी दोन वर्षांत फक्त 0.8 टक्के मुलांचा आजार वाढला. ज्यांना मिळालं नाही त्यांच्यात 8.2 टक्के.

इंजेक्शन मात्र दुखतं, आणि चांगलंच दुखतं. झडपेला इजा झाली असेल तर ते किमान दहा वर्षं घ्यावं लागतं, कधीकधी चाळिशीपर्यंत. वर्ष-दोन वर्षांत मूल खेळायला लागतं, घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि तारखा चुकतात. उन्हाळी सुट्टीत चुकतात, मूल मामाकडे जातं तेव्हा चुकतात, दहावीनंतर वसतिगृहात गेल्यावर तर नावच यादीतून गळतं. तेव्हा तुमच्याकडे असं मूल असेल तर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे पुढची तारीख लिहा, त्या दिवशी गैरहजेरी लावू नका, आणि शाळा सोडताना दाखल्यासोबत इंजेक्शनचं कार्ड त्याच्या हातात द्या.